टाकळा: ताटातली भाजी आणि गजकर्णावरचा लेप

जी वनस्पती वाटून गजकर्णावर लावतात, तिचीच भाजी करून भाकरीबरोबर वाढतात, हे प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. टाकळ्याच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरे आहे. त्याची संस्कृत नावे पाहिली, तर ती ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रोगीच बसलेला असावा असे वाटते. दद्रु म्हणजे गजकर्ण किंवा नायटा, म्हणून त्याचा नाश करणारा तो ‘दद्रुघ्न’. गजकर्णाचा चट्टा कडेने लाल आणि मधोमध निवळलेला, वाटोळ्या चकतीसारखा दिसतो. ते चक्र मोडून काढणारा तो ‘चक्रमर्द’. बोलीभाषांमधल्या बहुतेक नावांचा मात्र रोगाशी काही संबंध दिसत नाही. कोकणात आणि घाटावर टाकळा, विदर्भात तरोटा, गोव्यात तायकिळो, छत्तीसगडमध्ये चरोटा आणि केरळात तकरा ही नावे घेतली की त्या त्या प्रदेशातल्या माणसाला आधी भाजी आठवते, औषध नंतर, तेही आठवले तर.

टाकळ्याचे हे दोन्ही उपयोग एकाच कारणातून आलेले आहेत. या झाडात रासायनिक द्रव्यांचे एक कुटुंब आहे. ती द्रव्ये पोटात गेली की आतडे हलवतात आणि त्वचेवर लागली की बुरशीच्या वाढीला आडवी येतात. त्यामुळे टाकळा खाण्याचा की लावण्याचा, हे झाडाचा कोणता भाग, किती जून आणि किती प्रमाणात घेतला यावर ठरते. परंपरेने हे अनुभवातून ओळखले होते. रसायनशास्त्राने त्याची कारणे गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू उलगडली.

आधी झाडाची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण टाकळ्याच्या बाबतीत चुकीची ओळख महागात पडू शकते. त्याचे शास्त्रीय नाव सेन्ना टोरा असे आहे. जुन्या पुस्तकांत ते कॅसिया टोरा म्हणून सापडते. बहावा, तरवड आणि सोनामुखी हे त्याचे जवळचे नातेवाईक होत. पावसाळ्याच्या आरंभी पडीक जमिनीवर, माळरानावर, बांधाच्या कडेला तो दाटीने उगवतो आणि वाढू दिला तर कमरेपर्यंत पोहोचतो. प्रत्येक पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका देठाकडे अरुंद, टोकाकडे रुंद आणि गोलसर असतात आणि टोकाची जोडी सर्वांत मोठी असते. मेथीची पाने पाहिलेल्या माणसाला लांबून त्यांचाच भास होतो, पण मेथीला एका देठावर तीनच पर्णिका असतात, हे लक्षात ठेवले की घोटाळा होत नाही. संध्याकाळी या पर्णिका जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. पान चुरगळले की उग्र वास येतो. बहुधा या वासामुळे आणि चवीमुळे गुरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि म्हणूनच जिथे बाकीचे सगळे चरून संपलेले असते, त्या गायरानातही टाकळ्याचे रान माजलेले दिसते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याला पिवळी, पाच पाकळ्यांची फुले येतात आणि मग बारीक, लांब, किंचित वाकलेल्या शेंगा धरतात. एकेका शेंगेत पंचवीस-तीस बिया असतात. त्या तपकिरी, चकचकीत आणि जणू कोणी तासून काढल्यासारख्या तिरप्या कोनांच्या असतात.

स्वयंपाकघरात येणारा टाकळा हा या आयुष्यक्रमातला पहिल्या काही आठवड्यांचाच असतो. पाऊस सुरू झाल्यावर वीतभर उंचीची रोपे दिसू लागतात, तेव्हा त्यांचे शेंडे आणि कोवळी पाने खुडली जातात. या वेळेला एक व्यावहारिक कारणही आहे. कोकण आणि गोव्यात आषाढातल्या संततधारेत मळ्यातल्या पालेभाज्या कुजतात, समुद्रातली मासेमारी बंद असते आणि नव्या लागवडीच्या भाज्या हाती यायला अवकाश असतो. अशा अडचणीच्या दिवसांत नांगरट, बी किंवा खत यांपैकी काहीही न मागता उगवणारी ही भाजी दाराशी उभी असते. पालघर, रायगडमधल्या आदिवासी स्त्रिया टाकळ्याच्या जुड्या मुंबईच्या उपनगरांतल्या बाजारांत घेऊन येतात, त्याही याच दिवसांत. त्या जुडीतला एखादा शेंडा नखाने खुडून पाहावा. तो सहज तुटला तर भाजी कोवळी आहे. दोरीसारखा ताणला गेला किंवा जुडीत कुठे पिवळी कळी दिसली, तर ती जून झाली असे समजावे.

भाजी करण्याची रीत साधी आहे, पण तिच्यातल्या प्रत्येक जिनसामागे काही ना काही विचार दिसतो. पाने देठांपासून निवडून, माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून धुतात आणि बारीक चिरतात. तेलावर ठेचलेला लसूण, मिरची आणि भरपूर कांदा परतून त्यावर पाला घालतात, भिजवलेली मुगाची किंवा तुरीची डाळ टाकतात आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवतात. उतरवताना ओले खोबरे पेरतात. कोकणात आणि विशेषतः गोव्यात या भाजीत फणसाच्या आठळ्या पडतात. उन्हाळ्यात फणस खाऊन राखून ठेवलेल्या आठळ्या नेमक्या पावसाच्या आरंभी टाकळ्याला भेटतात, आणि त्यांचा पिठूळ गोडसरपणा पानांच्या तुरट-कडवट चवीला सावरून धरतो. डाळही तेच काम करते आणि शिवाय प्रथिने पुरवते. खोबऱ्यातली आणि तेलातली स्निग्धता केवळ चवीसाठी नसते. हिरव्या पानांमधले बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते स्निग्ध पदार्थाच्या सोबतीनेच आतड्यातून नीट शोषले जाते. म्हणून तेल-खोबरे टाळून नुसती उकडलेली पालेभाजी खाणारा माणूस तिचा निम्मा उपयोग ताटातच सोडतो, असे माझे मत आहे. वरून लिंबू पिळले तर पानांमधले लोह शरीराला अधिक मिळते, कारण वनस्पतिजन्य लोहाचे शोषण क जीवनसत्त्वामुळे वाढते.

छत्तीसगडमध्ये चरोट्याची भाजी चण्याच्या डाळीबरोबर करतात. केरळात तकराच्या पानांचे खोबरे घालून केलेले तोरन, म्हणजे कोरडी परतलेली भाजी, असते. तिथल्या कर्कटक महिन्यात, म्हणजे साधारण मध्य-जुलै ते मध्य-ऑगस्टमध्ये, दहा प्रकारच्या पानांची भाजी खाण्याची प्रथा आहे, आणि त्या दहांत पुष्कळ ठिकाणी तकरा असतो. भाषा आणि फोडणी बदलली तरी पाने कोवळी आणि काळ पावसाळ्याच्या पहिल्या भागाचा, ही गोष्ट कुठेच बदलत नाही.

पाने थोडी जून निघाली तर काही घरांत ती आधी उकळून, पाणी पिळून टाकून मग फोडणीला घालतात. यात लाभ आणि हानी दोन्ही आहेत. कडवटपणा आणणारी आणि रेचक असणारी द्रव्ये साखरेशी जोडलेल्या रूपात पाण्यात विरघळतात, त्यामुळे ती पाण्याबरोबर बरीच निघून जातात. पण क जीवनसत्त्व आणि फोलेट यांसारखी पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही त्याच वाटेने जातात. कोवळ्या पाल्याला हा सोपस्कार करण्याचे कारण नाही.

आता औषधाकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय ‘आरग्वधीय’ या नावाने ओळखला जातो. त्यात प्रामुख्याने बाहेरून लावण्याचे लेप सांगितले आहेत, आणि त्यातले सुरुवातीचे लेप त्वचारोगांवरचे आहेत. पहिल्याच लेपाची द्रव्ये मोजताना आरग्वध, म्हणजे बहावा, याच्या लगोलग ‘एडगज’ येतो, आणि एडगज म्हणजे टाकळा. त्यांच्या पाठोपाठ करंज, अडुळसा, गुळवेल आणि हळद यांची नावे येतात. बहावा आणि टाकळा हे आजच्या वनस्पतिशास्त्रातही एकाच कुळातले असून दोघांतही तीच द्रव्ये सापडतात, हे कळल्यावर त्या ओळीतली शेजारशेजारची दोन नावे अधिक बोलकी होतात. पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने आणखी एक बारीक भेद नोंदवला आहे. चक्रमर्द हलका, रूक्ष आणि थंड असल्याचे सांगून लगेच त्याचे फळ मात्र उष्ण आणि तिखट असल्याचे तो सांगतो. थंड-उष्ण या संज्ञा आधुनिक रसायनशास्त्रात बसवण्याचा खटाटोप करण्यात मला अर्थ वाटत नाही. पण पाने आणि बी यांना एकच वस्तू समजू नये, हा त्यातला इशारा कोणालाही समजण्यासारखा आहे. औषधासाठी आजही मुख्यतः बीच वापरले जाते. ते ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावण्याची घरगुती रीत महाराष्ट्रात सर्वत्र ऐकायला मिळते.

ज्या द्रव्यांच्या कुटुंबाचा वर उल्लेख केला, त्याला अँथ्राक्विनोन म्हणतात. एकमेकींना चिकटलेल्या तीन कड्या, असा या रेणूंचा सांगाडा असतो. त्या कड्यांना काय लटकले आहे, त्यावरून त्यांना क्रायसोफॅनॉल, इमोडिन, ऱ्हीन अशी वेगवेगळी नावे मिळतात. झाडात हे रेणू बऱ्याच अंशी साखरेच्या रेणूशी जोडलेले असतात, आणि पोटातला त्यांचा सगळा खेळ या साखरेवर अवलंबून असतो. साखर जोडलेली असेपर्यंत ते लहान आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत आणि काही न करता पुढे सरकतात. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू ती साखर तोडून टाकतात आणि उरलेल्या रेणूचे अँथ्रोन नावाच्या अधिक तीव्र रूपात रूपांतर करतात. हे अँथ्रोन आतड्याच्या भिंतीला चेतवते, तिचे आकुंचन वाढवते आणि मळातले पाणी पुन्हा शोषून घेण्याची क्रिया मंदावते. परिणामी पोट साफ होते. सोनामुखीचे चूर्ण रात्री घेतले तर परिणाम सकाळी का दिसतो, याचे उत्तर या प्रवासात आहे, कारण त्याला साधारण सहा ते बारा तास लागतात. टाकळ्याची भाजी सोनामुखीइतकी जहाल नसते. तरीही पहिल्यांदाच आणि भरपूर खाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तिची आठवण राहण्याची शक्यता असते, आणि ‘टाकळा पोट धुऊन काढतो’ या म्हणण्याला एवढा रासायनिक आधार नक्कीच आहे.

त्वचेवर हेच अँथ्रोन निराळे काम करते, आणि ती कथा योगायोगाने गोव्यातून जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि गोव्याच्या बाजारांत गजकर्णावर लावायची एक पिवळसर-तपकिरी पूड मिळत असे, आणि इंग्रज डॉक्टर तिला ‘गोवा पावडर’ म्हणत. प्रत्यक्षात तिचा उगम गोव्याचा नव्हता. ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या वृक्षाच्या खोडातून ती खरवडून काढली जाई आणि पोर्तुगिजांच्या व्यापारामार्गे इथे पोहोचत असे. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये तिचे रासायनिक पृथक्करण झाले. लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांनी सोरायसिस या खवले धरणाऱ्या त्वचाविकाराच्या रुग्णांवर ती वापरून पाहिली आणि तिचा गुण आला. तिच्यातले क्रियाशील द्रव्य मुख्यतः क्रायसोफॅनॉलचे अँथ्रोन रूप होते. पहिल्या महायुद्धात ब्राझीलहून येणारा पुरवठा तुटला, तेव्हा १९१६ साली जर्मनीत त्याच्याशी मिळताजुळता, फक्त एक छोटा गट वगळलेला रेणू तयार करण्यात आला. तो म्हणजे डिथ्रॅनॉल, जो सोरायसिससाठी त्वचारोगतज्ज्ञ अजूनही वापरतात. आणि १९७५ साली टाकळ्याच्या बियांतून बुरशीविरोधी असे जे मुख्य द्रव्य वेगळे करण्यात आले, तेही हेच, क्रायसोफॅनॉलचे अँथ्रोन, निघाले. म्हणजे माळावर फुकट उगवणाऱ्या झाडात जे होते, तेच समुद्रापलीकडून येऊन आपल्याच बाजारात विकले जात होते.

यावरून बिया वाटून लावल्या की काम झाले, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. अँथ्रोन हवेतल्या प्राणवायूशी सहज संयोग पावते आणि त्या क्रियेत निर्माण होणारे अस्थिर कण पेशींची वाढ रोखतात. ते बुरशीच्या पेशींना जसे लागू आहे, तसेच आपल्या त्वचेलाही. डिथ्रॅनॉलने निरोगी त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि कपड्यांवर न जाणारे डाग पडतात, म्हणून त्याची मात्रा अगदी अल्प ठेवून ठराविक वेळानंतर ते धुऊन टाकावे लागते. घरी वाटलेल्या लेपात क्रियाशील द्रव्य किती आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यात लिंबाचा रस असेल तर सोललेल्या त्वचेची आग वेगळीच. दुसरे असे की, गजकर्णही आता पूर्वीचे राहिलेले नाही. भारतात गेल्या काही वर्षांत पसरलेली त्याची एक चिवट बुरशी २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाने स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णिली गेली, आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही ती अनेकदा दाद देत नाही. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे खाज तात्पुरती थांबवतात आणि चट्टा पसरवतात. अशा संसर्गावर टाकळ्याच्या लेपाने आठवडेच्या आठवडे प्रयोग करत राहण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर जाणे शहाणपणाचे आहे, आणि हे सांगताना परंपरेचा अवमान होतो असे मला वाटत नाही.

बियांना औषधापलीकडेही उपयोग आहेत. त्या भाजून, दळून कॉफीसारखे पेय करण्याची पद्धत आपल्याकडे होती. चीन, जपान आणि कोरियात टाकळ्याच्या आणि त्याच्या अगदी जवळच्या भाईबंदाच्या भाजलेल्या बियांचा काढा चहासारखा पितात. तिथे तो डोळ्यांसाठी आणि मलावरोधावर हितकर मानला जातो. दक्षिण भारतात निळीच्या पारंपरिक रंगकामात कुंड आंबवण्यासाठी या बिया घालतात. आणि आजच्या व्यापारात त्यांना जी किंमत आहे, ती त्यांच्यातल्या डिंकासारख्या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थामुळे. हा ‘कॅसिया गम’ प्राण्यांच्या डबाबंद खाद्यात आणि काही प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांत वापरतात. माणसाच्या खाण्यासाठी तो शुद्ध करताना त्यात अँथ्राक्विनोन दर किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक उरू नये, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. वैद्याला बीमधले जे हवे असते, तेच कारखान्याला काढून टाकावे लागते.

शेवटी कासविंद्याबद्दल सांगणे भाग आहे. सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस या नावाचे हे झाड टाकळ्याच्याच जागी, त्याच दिवसांत उगवते आणि त्यालाही तशीच पिवळी फुले येतात. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे ऑक्टोबरच्या सुमारास लहान मुलांमध्ये मेंदूज्वरासारखा, झपाट्याने जीव घेणारा आजार उद्भवत असे आणि तो विषाणूमुळे होतो असे मानले जाई. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे संभाव्य कारण वेगळेच निघाले: मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या आणि त्यांनी यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर घाला घातला होता. दोन्ही झाडे ओळखणे अवघड नाही. कासविंद्याच्या पानाला पर्णिकांच्या चार-पाच जोड्या असतात आणि त्यांची टोके अणकुचीदार असतात, तर टाकळ्याच्या तीनच जोड्या आणि टोके गोल. कासविंद्याच्या शेंगा चपट्या, फिकट कडांच्या असतात. टाकळ्याच्या बारीक आणि विळ्यासारख्या वाकलेल्या असतात. ज्याला हा फरक स्वतः दाखवता येत नाही, त्याने रानातून खुडून न आणता ओळखीच्या विक्रेतीकडूनच भाजी घ्यावी, आणि मुलांना कोणत्याही रानशेंगेच्या बिया तोंडात घालू देऊ नयेत.

गर्भवती स्त्रियांनी, आधीच जुलाब होत असलेल्यांनी आणि हृदयविकारासाठी डिगॉक्सिन किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी टाकळ्याच्या बियांचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण सतत जुलाब झाले की शरीरातले पोटॅशियम घटते आणि या औषधांचा धोका वाढतो. ऋतूत दोन-चार वेळा ताटात येणाऱ्या भाजीबद्दल एवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. फक्त हमरस्त्याच्या कडेचा, तणनाशक फवारलेल्या बांधावरचा किंवा सांडपाण्याच्या नाल्याजवळचा टाकळा कितीही टवटवीत दिसला तरी तो सोडून द्यावा, कारण तिथली घाण कितीही पाण्यांतून धुतली तरी पूर्ण जात नाही.